निफाडच्या फोनसाठी माझा पिक्सेल अँड्रॉइड 10 वर उतरवला, त्याची रीत

ऑक्टोबर छाटणीनंतर निफाडहून एका द्राक्ष बागायतदाराचा फोन आला. "ताई, पानाचा फोटो काढतोय, पण तुमच्या अ‍ॅपात जातच नाही." माझ्या टेबलावरच्या पिक्सेल 3ए वर फोटो झटक्यात जात होता. दादांना सेटिंगमध्ये जाऊन आवृत्ती वाचायला लावली. अँड्रॉइड 10. माझा फोन केव्हाच 12 वर गेलेला. बागेत डाऊनी (पानांवरचा बुरशीचा रोग) शिरल्यावर 'दादा, फोन बदला' असं कोणत्या तोंडाने सांगणार?

तुमच्यावर अशी वेळ आली तर आधी इम्युलेटरवर, म्हणजे लॅपटॉपवरच्या नकली फोनवर, एपीआय 29 ची (अँड्रॉइड 10 ची) इमेज चालवा. चूक तिथेच दिसली तर फोनला हात लावू नका. माझा 8 जीबीचा लॅपटॉप इम्युलेटर उघडला की मान टाकतो, म्हणून मला फोनच उतरवावा लागला.

फोनवरचं सगळं पुसलं जाणार हे धरूनच चला. गूगल खातं काढून टाका, नाहीतर नंतर तोच फोन तुम्हाला पासवर्ड विचारत बसेल. बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारा आणि डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ओईएम अनलॉकिंग (फोनचं कुलूप उघडायची परवानगी) व यूएसबी डीबगिंग (केबलवरून लॅपटॉपचे हुकूम घेणं) चालू करा. मेन रोडला सेकंडहँड पिक्सेल घेणार असाल तर हे ओईएमचं बटण दुकानातच दाबून बघा. परदेशी मोबाइल कंपनीमार्फत विकलेल्या काही फोनांत ते कायमचं बंद असतं. आणि पिक्सेल 6, 6 प्रो किंवा 6ए एकदा 13 वर गेला की 12 वर परत येत नाही. बूटलोडर म्हणजे फोन सुरू करणारा पहिला प्रोग्राम; त्यातलं अँटी-रोलबॅक, म्हणजे जुन्या आवृत्तीवर जाऊ न देणारी अडसर, आडवं येतं.

गूगलच्या डेव्हलपर साइटवरून आपल्याच मॉडेलची अँड्रॉइड 10 ची फॅक्टरी इमेज (फोनची मूळ सिस्टम असलेली झिप) घ्या (3ए चं सांकेतिक नाव सार्गो) आणि फाइल धड उतरली का हे बघायला तिचा चेकसम साइटवरच्या आकड्याशी जुळवा. मग फोन केबलने जोडून लॅपटॉपवर हुकूम द्या: 'एडीबी रीबूट बूटलोडर', त्यानंतर 'फास्टबूट फ्लॅशिंग अनलॉक'. व्हॉल्यूमच्या बटणाने होकार निवडून पॉवर दाबायचं. फोन पुसला गेला की पुन्हा बूटलोडरमध्ये या आणि झिपमधली फ्लॅश-ऑल फाइल चालवा. मध्ये एक-दोनदा स्क्रीन काळी होते. केबल उपटू नका. माझ्याकडे नेमकी तेव्हाच लाइट गेली. लॅपटॉप चार्ज होता म्हणून निभावलं.

सुरुवातीला वायफाय देऊ नका. आधी डेव्हलपर ऑप्शन्स पुन्हा उघडून ऑटोमॅटिक सिस्टम अपडेट्स बंद करा. हा फोन आता फक्त टेस्टिंगचा, त्यावर यूपीआय नको.

अ‍ॅप टाकलं आणि लॉगकॅटमध्ये (फोनच्या चुकांच्या नोंदवहीत) पहिल्याच फोटोला 'परमिशन डिनाइड'. मी गॅलरीतली फाइल थेट पाथने, म्हणजे फोल्डरच्या पत्त्याने, उघडत होते. 10 मध्ये स्कोप्ड स्टोरेज (अ‍ॅपला इतरांच्या फाइलींपासून दूर ठेवणारा नियम) आलं आणि तो रस्ता बंद झाला. 11 मध्ये मीडिया फाइलींसाठी तो पुन्हा उघडला. म्हणून 12 वर मला काहीच दिसलं नव्हतं.

शेजारच्या टेबलावरच्या पोराने टार्गेट एसडीके (अ‍ॅप कोणत्या अँड्रॉइडच्या नियमांनी चालायचं तो आकडा) 28, म्हणजे अँड्रॉइड 9 चा, केलं. फोटो लगेच गेला, पोरगा खूश. पण 31 ऑगस्ट 2025 पासून प्ले स्टोअरला अपडेटसाठीही किमान 35 लागतं, म्हणजे ते बिल्ड टेबलावरून पुढे जाणारच नव्हतं. कंपाइल आणि टार्गेट दोन्ही 35 वरच ठेवा. मिन एसडीके (अ‍ॅप चालेल अशी सर्वात जुनी आवृत्ती) 29 किंवा त्याखाली आहे ना, एवढं पाहा. मॅनिफेस्टच्या (अ‍ॅपची माहिती सांगणाऱ्या फाइलच्या) अ‍ॅप्लिकेशन टॅगमध्ये 'रिक्वेस्ट लेगसी एक्स्टर्नल स्टोरेज' ट्रू करा. टार्गेट 30 किंवा त्याच्या वर असेल तर अँड्रॉइड 11 पासून पुढचे फोन या ओळीकडे बघतही नाहीत, त्यामुळे बाकीच्यांना धक्का लागत नाही. ही मलमपट्टी झाली. खरं काम म्हणजे पाथ सोडून कंटेंट रिझॉल्व्हरमधून यूआरआयने, म्हणजे सिस्टमकडे मागून तिने दिलेल्या पत्त्याने, फोटो उघडणं. ते मी पुढच्या आठवड्यात केलं.

मलमपट्टीवालं बिल्ड त्याच दुपारी निफाडला पाठवलं. संध्याकाळी पानाच्या मागच्या बाजूचा फोटो आला. पांढरी बुरशी स्पष्ट दिसत होती.