पोरगी सुटून घरी आलीय, आता आपण काय करायचं

आपल्या सोलापुरात फसवून धंद्याला विकलेली पोरगी सुटून घरी आली की पहिल्याच दिवशी घरात गर्दी होते, मामी येते, शेजारीण साखर मागायला म्हणून येते आणि सगळ्यांना एकच ऐकायचं असतं, नेमकं झालं काय गं. तर पहिलं काम हे, लोकांना दारातूनच वाटेला लावायचं आणि आपणही विचारायचं नाही. जेवलीस का, झोप लागली का, बास. ती स्वतःहून बोलली तर ऐकायचं, पण "मग पळून का नाही आलीस" हे चुकूनही म्हणायचं नाही. अहो पळणार कुठं, कामाला लावतो किंवा लग्न करतो म्हणून बऱ्याचदा ओळखीच्याच माणसानं नेलेलं असतं, वर "तुझ्यावर पैसे घातलेत ते फेड" आणि घरी सांगू ही धमकी.

रात्री लाईट चालू ठेवेल, उगाच चिडेल, कधी तिथल्याच मैत्रिणीच्या आठवणीनं रडेल. रडू द्या. खोलीची कडी तिच्या हातात राहू द्या, तिथं दार तिच्या मर्जीनं कधी उघडलंच नव्हतं.

सिव्हिलला न्यायचं तर तिला विचारून. एचआयव्हीची टेस्ट सरकारीत फुकट होते आणि 2017 च्या कायद्यानं तिच्या संमतीशिवाय करता येत नाही, म्हणून "सगळ्या टेस्ट करून टाका" असं आपणच परस्पर सांगायचं नाही.

केसचं म्हणाल तर विकणाऱ्यावर भारतीय न्याय संहितेचं कलम 143 लागतं (1 जुलै 2024 च्या आधीचं असेल तर जुन्या भारतीय दंड संहितेचं 370). वकिलाला पैसे भरू नका, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा नाहीतर 15100 ला फोन लावा, अशा बाईला उत्पन्न न बघता वकील फुकट मिळतो, नुकसानभरपाईचा अर्जही तिथंच विचारा. कोणी धमकवायला लागलं तर 112, बाकी मदतीला 181 ही महिला हेल्पलाइन. एफआयआरची कॉपी जपून ठेवा आणि तिचा फोटो, नाव कुठल्याच ग्रुपवर टाकू नका, नातेवाईकांच्या तर नाहीच नाही.

बँकेचं खातं तिच्या एकटीच्या नावावर काढा. कामाचं म्हटलं की सगळे शिलाई मशीनच पुढं करतेत, इथं युनिफॉर्मचे कारखाने आहेत म्हणून ठीक, पण तिला शिवायचंय का ते कोण विचारतंय? आणि "लग्न लावून टाकू" तर सध्या डोक्यातूनच काढा.

जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला, सगळे निघाले आणि ती नको म्हणाली तर ओढत नेऊ नका, तुला काय आणू तेवढं विचारा.