आतड्यातील जिवाणू आणि कर्करोग यांवरील संशोधन कसे वाचावे

‘आतड्यातील जिवाणू कर्करोगाला हरवतात’ अशा मथळ्याची बातमी हाती आली, की सर्वप्रथम प्रयोग उंदरांवर झाला की माणसांवर, हे शोधावे. मथळ्यात ते सहसा नसते. मजकुरात खाली कुठेतरी दडलेले असते.

उंदरांवरच्या प्रयोगाला कमी लेखू नये. २०१५ मध्ये शिकागो विद्यापीठातील थॉमस गजेव्स्की यांच्या गटाने दोन निरनिराळ्या पुरवठादारांकडून एकाच जातीचे उंदीर आणले. एका पुरवठादाराच्या उंदरांत मेलानोमाची, म्हणजे त्वचेच्या एका कर्करोगाची, गाठ सावकाश वाढत होती, दुसऱ्याच्या उंदरांत झपाट्याने. दोन्ही उंदीर एकाच पिंजऱ्यात ठेवल्यावर हा फरक मावळला, कारण उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात आणि जिवाणू एकाच्या पोटातून दुसऱ्याच्या पोटात जातात. पुढे बिफिडोबॅक्टेरियम हे जिवाणू पोटातून दिल्यावरही गाठीची वाढ मंदावली. तेव्हा ‘फरक आढळला’ एवढ्यावर समाधान न मानता, त्या फरकाचे कारण वेगळे काढण्यासाठी संशोधकांनी नेमके काय केले, हे पाहावे. अशा साध्या युक्त्यांतच संशोधनाचा कस दिसतो.

अभ्यास माणसांवरचा असेल, तर रुग्णांची संख्या आणि तुलनेसाठी घेतलेला गट, या दोन गोष्टी तपासाव्यात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन प्रयोगांत, इम्युनोथेरपीला, म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणाऱ्या उपचाराला, दाद न देणाऱ्या मेलानोमाच्या रुग्णांना, ज्यांना तिचा गुण आला होता अशांच्या विष्ठेतील जिवाणू देऊन तीच उपचारपद्धती पुन्हा वापरण्यात आली. पिट्सबर्गमध्ये १५ पैकी ६ जणांना आणि इस्राएलमध्ये १० पैकी ३ जणांना फायदा झाला. आशा वाटावी असेच हे आकडे आहेत. पण दोन्हीकडे तुलनेचा गट नव्हता, त्यामुळे श्रेय जिवाणूंचे किती आणि पुन्हा दिलेल्या औषधाचे किती, हे त्यांवरून ठरत नाही.

एखाद्या जिवाणूचे नाव वाचून हुरळून जाऊ नये. जानेवारी २०१८ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकाच्या एकाच अंकात आलेल्या तीन अभ्यासांत इम्युनोथेरपीचा गुण येणाऱ्या रुग्णांच्या आतड्यांत तीन वेगवेगळे जिवाणूसमूह ठळकपणे आढळले होते. अकरमॅन्सिया या जिवाणूचे नाव त्यांपैकी एका अभ्यासातले.

त्यानंतर ‘हे घडते कसे’ याचे उत्तर लेखात आहे का, ते पाहावे, आणि इथे थोडा वेळ द्यावा. एन्टेरोकोकस हिरी या जिवाणूत वस्ती करणाऱ्या एका विषाणूच्या जनुकावरून एक प्रथिन तयार होते. त्या प्रथिनाचा नऊ अमिनो आम्लांचा एक तुकडा गाठीतील एका प्रथिनाच्या तुकड्याशी इतका मिळताजुळता असतो, की पहिल्याला ओळखायला शिकलेल्या टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पेशी, दुसऱ्यावरही तुटून पडतात. २०२० मध्ये हे उंदरांत दिसले, आणि त्या तुकड्यातील एकच अमिनो आम्ल बदलले तेव्हा परिणाम नाहीसा झाला. असा पुरावा मिळाला, की केवळ सहसंबंधापेक्षा त्याला अधिक वजन द्यावे.

घरात रुग्ण असेल, तर हे वाचून प्रोबायोटिकच्या, म्हणजे जिवंत उपयुक्त जिवाणूंच्या, गोळ्या आणण्याची घाई करू नये. २०२१ च्या एका अभ्यासात दिवसाला किमान २० ग्रॅम तंतू (फायबर) खाणाऱ्या मेलानोमाच्या रुग्णांत आजार अधिक काळ आटोक्यात राहिल्याचे आढळले. उलट त्याच अभ्यासातील उंदरांना बाजारात मिळणारी प्रोबायोटिके दिल्यावर इम्युनोथेरपीचा परिणाम घटला. तंतूंबाबतचा हा निष्कर्ष निरीक्षणातून आलेला आहे, तरीही ज्वारी, डाळी आणि पालेभाज्या पचत असतील, तर त्या खाण्याविषयी डॉक्टरांशी अवश्य बोलावे.

अँटिबायोटिकचे प्रकरण अधिक नाजूक आहे. डॉक्सिसायक्लिन किंवा अझिथ्रोमायसिन ही औषधे जिवाणूंच्या रायबोसोमवर, म्हणजे त्यांच्या प्रथिने घडवण्याच्या यंत्रणेवर, घाव घालतात. त्यात रोगकारक आणि उपयुक्त असा भेद होत नाही. मात्र संसर्ग झाला असता ती नाकारणे जिवावर बेतू शकते. म्हणून कोणते अँटिबायोटिक कोणत्या तारखेपासून किती दिवस घेतले, हे रुग्णाच्या फाइलच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवावे आणि इम्युनोथेरपी सुरू होण्यापूर्वी ते पान कर्करोगतज्ज्ञांना दाखवावे.