रिंगा आधी, होनिंग नंतर: इंजिन बांधताना पिस्टन रिंगांची निवड आणि त्या बसवण्याची रीत

इंजिन उघडले की ब्लॉक कोल्हापूरच्या उद्यमनगरात मशीन शॉपला द्यायचा आणि तो रिबोअर होऊन (म्हणजे सिलिंडर आतून कापून थोडे मोठे होऊन) आल्यावर दुकानात मिळतील त्या रिंगा आणायच्या, हा क्रम आपल्याकडे अनेक गॅरेजांत दिसतो. तो उलटा करावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. रिंगेचा पृष्ठभाग कशाचा आहे त्यावर बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, किती खरखरीतपणा ठेवायचा हे ठरत असल्याने, रिंगांचा संच हातात आल्याशिवाय होनिंग (दगडांनी बोअर घासून त्यावर बारीक रेषा उमटवणे) करणाऱ्याला काम सांगताच येत नाही.

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत काम केलेल्यांना साधे बीड (ओतीव लोखंड) आणि एसजी आयर्न (त्याचाच चिवट प्रकार) यांतला फरक सांगायला नको. साध्या बिडाच्या रिंगेत ग्राफाइट पापुद्र्यांच्या रूपात असते. ते थोडे वंगणाचे काम करते आणि अशी रिंग बोअरशी लवकर जुळते, पण ती ठिसूळ असते. एसजी आयर्नमध्ये ग्राफाइट गोळ्यांच्या रूपात असल्यामुळे रिंग अधिक चिवट होते, म्हणून जास्त ताण सोसणारी वरची रिंग बरेचदा त्याची किंवा पोलादाची करतात आणि तिच्या कडेवर क्रोम किंवा मॉलिब्डेनमचा थर देतात. दुसरी रिंग बहुधा साध्या बिडाचीच असते.

क्रोमचा थर कठीण आणि घट्ट असतो. तो धुळीला चांगला तोंड देतो, मात्र बसायला वेळ घेतो. मॉलिब्डेनमच्या थरात बारीक छिद्रे असतात, त्यांत तेल धरले जाते, आणि त्याचा वितळणबिंदू क्रोमपेक्षा बराच वर असल्याने तो उष्णतेत खरवडत नाही. पण त्याच छिद्रांत धूळ अडकली तर ती बोअर घासत राहते. म्हणून शेतरस्त्यांवर आणि ऊसतोडीच्या काळात धुळीत फिरणाऱ्या गाडीला मी क्रोम सुचवतो, आणि महामार्गावर लांब पल्ल्याने धावणाऱ्या, एअर फिल्टर वेळेवर बदलल्या जाणाऱ्या गाडीला मॉलिब्डेनम. क्रोमचा मुलामा असलेल्या बोअरमध्ये क्रोमची रिंग कधीही घालू नये.

होनिंगसाठी साधारणपणे क्रोमला १८० ते २२०, साध्या बिडाला २२० ते २८० आणि मॉलिब्डेनमला २८० ते ४०० ग्रिटचे दगड वापरतात (आकडा मोठा तितका दगड बारीक). संचासोबत उत्पादकाची सूचना असेल तर तीच पाळावी. एकमेकींना छेदणाऱ्या रेषांमधला कोन ४५ ते ६० अंशांच्या आसपास असावा, कारण याच रेषांत तेल टिकते.

यानंतरची धुलाई बहुतेक ठिकाणी अपुरी होते. रॉकेल किंवा पेट्रोलने पुसल्यास दगडाची भुकटी रेषांतच राहते आणि नव्या रिंगा पहिल्याच दिवशी झिजू लागतात. गरम पाणी, साबण आणि ब्रश घेऊन बोअर घासावा, ताबडतोब कोरडा करून तेल लावावे आणि पांढऱ्या फडक्याने पुसावे. फडके करडे होणे थांबेपर्यंत हे पुन्हा पुन्हा करावे.

रिंग बोअरमध्ये ठेवून उलट्या पिस्टनने सरळ खाली ढकलावी आणि फीलर गेजने (ठराविक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) टोकांमधली फट मोजावी. टर्बो नसलेल्या साध्या इंजिनात वरच्या रिंगेसाठी बोअरच्या दर १०० मिमीला सुमारे ०.४ मिमी हे प्रमाण चालते, म्हणजे ७५ मिमी बोअरला ०.३० मिमी. फट कमी असेल तर तापल्यावर टोके एकमेकांवर आदळून रिंग तुटते. फट वाढवताना कानस बाहेरच्या कडेकडून आत, एकाच दिशेने चालवावी. उलट ओढल्यास थराचा टवका निघतो. खूण असलेली बाजू वर ठेवावी आणि फटी एका रेषेत येऊ देऊ नयेत.

आता गाडी चालवण्याची बाब. रिंग बोअरवर मुख्यतः तिच्या मागे शिरणाऱ्या ज्वलनवायूंच्या दाबाने घट्ट बसते, तिच्या स्वतःच्या ताणाने फारशी नाही. नवे इंजिन उसाच्या ट्रॉलीमागे रांगत नेले किंवा अंगणात तासभर आयडलवर ठेवले, तर हा दाब तयारच होत नाही, रेषांवर जळक्या तेलाची चकाकी चढते आणि रिंगा पुढे कधीच नीट बसत नाहीत. मी स्वतः पहिल्या इंजिनाला जपण्याच्या नादात हेच केले आणि ते पुन्हा उघडावे लागले.

प्लग काढून, तेलदाबाचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर फिरवावा. इंजिनात साधे मिनरल तेल असावे, सिंथेटिक नको. इंजिन सुरू करून गळती तपासावी, ते कामाच्या तापमानाला आले की लगेच रस्त्यावर न्यावे. पहाटे वाहतूक कमी असताना कागलच्या दिशेने महामार्गावर तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये ताशी ५० वरून ८० पर्यंत चांगला ॲक्सिलरेटर देत न्यावे, मग पाय काढून गिअरमध्येच वेग उतरू द्यावा; असे १० ते १२ वेळा करावे. वेग उतरताना सिलिंडरमधल्या निर्वातामुळे तेल वर ओढले जाते आणि झिजलेला कण धुऊन जातो. परत आल्यावर तेल व फिल्टर बदलावा, पुन्हा ५०० किमीला बदलावा, आणि तोवर एकाच वेगाने लांब जाणे टाळावे.

१५०० किमीनंतरही तेल कमी होत राहिले, तर कॉम्प्रेशन मोजावे, मग प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजावे. आकडा ठळकपणे वाढला तर रिंगा बसलेल्या नाहीत, आणि बोअर नव्याने होन करून नव्या रिंगा घालण्यावाचून इलाज नाही.