खनिजसंपन्न प्रदेशाचा आयात-निर्यात तक्ता कसा वाचावा

‘निर्यात घटली’ असं दिसलं की आधी किंमत आणि वजन वेगळं करा. मूल्याला टनांनी भागलं की प्रतिटन सरासरी दर मिळतो. दर २० टक्के उतरला आणि माल १० टक्के जास्त गेला, तरी मूल्य १२ टक्क्यांनी घटतं (१.१० × ०.८० = ०.८८). खाणी जोरात चालू असूनही तक्ता मंदी दाखवतो, तो अशाच वेळी.

एचएस कोडचा (मालाच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचा) अध्याय २६ धातुखनिजांचा, २७ खनिज इंधनांचा. एकूण निर्यातीतला दोन्हींचा वाटा काढा. लोहखनिजात ओलावा बघाच: १०० टन ओल्या मालात ८ टक्के पाणी असेल तर कोरडा माल ९२ टनच. दोन्ही टनांची सरमिसळ झाली की दर हमखास चुकतो.

आयात बहुधा सीआयएफ, म्हणजे वाहतुकीचं भाडं आणि विमा धरून नोंदवतात, निर्यात एफओबी, म्हणजे हे दोन्ही न धरता. त्यामुळे नुसत्या वजाबाकीने व्यापार शिल्लक (निर्यात वजा आयात) प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते. यंत्रसामग्रीची आयात (अध्याय ८४) एकदम फुगली तर लगेच दोष देऊ नका. नवी खाण उभी राहत असू शकते. एका महिन्यावरून तर निष्कर्ष काढूच नका: एक मोठं जहाज ३१ ऐवजी १ तारखेला सुटलं, तरी दोन्ही महिन्यांचे आकडे हलतात. सलग १२ महिन्यांची बेरीज घ्या.