सी स्लगच्या पेशीपटलात खाद्याची खूण कशी शोधावी

सी स्लग (समुद्री गोगलगायीचा, बहुधा कवच नसलेला प्रकार) अख्खा वाटून मेदाम्लं (फॅटी ॲसिड) मोजली, तर आलेल्या आकड्यांत पोटातलं खाद्यही मोजलं जातं. खाद्यातली मेदाम्लं पेशीपटलात, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ पडद्यात, बसली का, हे पाहायचं तर पोट, साठवणीचा मेद आणि पटलाचा मेद वेगळे करावे लागतात. सगळी मेहनत त्यातच आहे.

ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय काहीही उचलू नका. बऱ्याच कोरलना (प्रवाळांना) तर कुठेही वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. परवानगी असेल तिथे स्लग ज्यावर बसलेला दिसला, त्या शेवाळाचा किंवा स्पंजचा तुकडाही वेगळ्या काचेच्या नळीत घ्या. तुलनेला खाद्य नसेल तर पुढचं सगळं अंदाजपंचे होतं. स्लग समुद्राच्या पाण्यात जिवंत आणा. डब्याला बाहेरून बर्फ लावा, नाहीतर ट्रॅफिकमध्ये पाणी तापतं.

प्रयोगशाळेत त्याच क्षारतेच्या, गाळलेल्या समुद्राच्या पाण्यात २४ तास उपाशी ठेवा. पाणी अधूनमधून बदला, विष्ठा काढा. शेवाळाची हरितलवकं अंगात साठवणाऱ्या एलिसिया या स्लगचं पोट एवढ्यानेही रिकामं होत नाही, कारण लवकं पचनग्रंथीच्या पेशींत असतात आणि त्या ग्रंथीच्या फांद्या बाजूच्या पंखांत पसरलेल्या असतात. पाठीवर सेराटा, म्हणजे बोटांसारखे उंचवटे, असणाऱ्या न्यूडिब्रँक गटाच्या स्लगमध्येही ग्रंथी सेराटात शिरते. म्हणून मॅग्नेशियम क्लोराइडने शिथिल करून फक्त पायाचा स्नायू कापा आणि लगेच उणे ८० अंशांवर गोठवा. साध्या फ्रीजरमध्ये लायपेज, म्हणजे मेद तोडणारी विकरं, हळूहळू चालूच राहतात. मग मुक्त मेदाम्लं आणि लायसो-फॉस्फोलिपिड (एक मेदाम्ल तुटलेले फॉस्फोलिपिड) वाढलेली दिसतात, आणि ते खाद्याचा परिणाम वाटतात.

अर्क काढायला १९५७ सालची फोल्च पद्धत पुरेशी आहे. ०.५ ग्रॅम ऊतीला क्लोरोफॉर्म-मिथेनॉल २:१ मिश्रण १० मिली, त्यात ०.०१ टक्के बीएचटी (मेद हवेने खराब होऊ न देणारं रसायन). वाटून गाळा, ०.९ टक्के मिठाचं पाणी २ मिली घाला, थर वेगळे झाले की खालचा घ्या. काम फ्यूम हूडमध्ये, भांडी काचेची, झाकणं टेफ्लॉनची. प्लास्टिकमधून थॅलेट उतरतात आणि क्रोमॅटोग्राममध्ये (मेदाम्लं वेगळी करून मोजताना येणाऱ्या आलेखात) नकोसे पीक, म्हणजे उंचवटे, येतात. द्रावक नायट्रोजनखाली, ४० अंशांच्या आत उडवा.

आता ५०० मिलिग्रॅमच्या सिलिका कार्ट्रिजवर (मेदाचे प्रकार वेगळे करणाऱ्या छोट्या नळीवर) १० मिलिग्रॅमपर्यंत मेद चढवा. क्लोरोफॉर्मने साठवणीचा मेद, ॲसिटोनने हरितलवकांचे ग्लायकोलिपिड, शेवटी मिथेनॉलने फॉस्फोलिपिड, म्हणजे मुख्यतः पटलाचा मेद उतरतो. पावसाळ्यात वाशी-नेरूळच्या हवेत उघडी राहिलेली सिलिका पाणी ओढते आणि हे भाग एकमेकांत मिसळतात. पाकीट ऐन वेळी फोडा.

मोजण्यासाठी प्रत्येक भागातल्या मेदाम्लांचे मिथाइल एस्टर (सहज वाफ होणारं रूप) करायला मिथेनॉलमध्ये १ टक्का सल्फ्युरिक आम्ल, ५० अंश, रात्रभर. प्लाझ्मलोजेन या फॉस्फोलिपिड प्रकारामुळे डायमिथाइल ॲसिटालचे जादा पीक येतात, ते मेदाम्लांत मोजू नका. पटलातल्याच सिरॅमाइड या मेदामधली मेदाम्लं या पद्धतीने पूर्ण सुटत नाहीत.

वाचताना खुणा अशा: २४ किंवा अधिक कार्बन आणि ५,९ स्थानी दुहेरी बंध असतील तर स्पंज. २४:५ ओमेगा-६ (२४ कार्बन, ५ दुहेरी बंध; ओमेगाचा आकडा म्हणजे शेपटाकडून पहिल्या बंधाची जागा) आणि २४:६ ओमेगा-३ असतील तर मऊ कोरल. १६:३ ओमेगा-३ असेल तर ब्रायोप्सिस, कोडियमसारखं हिरवं शेवाळ. दूर-दूर बंधांचं २२:२ मात्र गोगलगायवर्गीय प्राणी स्वतः बनवतात, ते खाद्याच्या खात्यात टाकू नका. मिथाइल एस्टरच्या मास स्पेक्ट्रमवरून (रेणूच्या तुकड्यांच्या वजनांच्या आलेखावरून) बंधाची जागा कळत नाही, त्यासाठी मेदाम्लांचे पायरोलिडाइड हे दुसरं रूप करून पुन्हा चालवा.

खूण क्लोरोफॉर्मच्या भागातच दिसली, तर ती साठवण. मिथेनॉलच्या भागातही दिसली, तरच खाद्य पटलात पोचलं म्हणा.