जुन्या जीपची मागची उंची तपासताना या चुका टाळा

"गाडी मागं बसलीय" असं म्हटलं, की मराठवाड्यातल्या बहुतेक गॅरेजांत तिथल्या तिथं निकाल लागतो: पाटे (लीफ स्प्रिंग) गेले, नवे टाका. महिंद्राची मेजर असो, मारुतीची जिप्सी असो की जुनी बोलेरो, या सगळ्यांच्या मागं पाट्यांचीच कमान आहे आणि वर्षानुवर्षं पोती वाहून ती सपाट होतेच. पण नुसत्या नजरेनं दिलेला हा निकाल अनेकदा चुकतो. टेप लावूनही चुकतो, कारण टेप भलत्याच जागी लावलेली असते.

जमिनीपासून मडगार्डपर्यंत मोजू नका. त्या मापात टायरची हवा आणि झीज मिसळते, एका बाजूला वेगळ्या साइजचा टायर असेल तर तोही मिसळतो. चाकाच्या बरोबर मध्यापासून सरळ वर, मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा. रेष सरळ राहावी म्हणून गवंड्याचा ओळंबा कडेवरून सोडा, दोरी चाकाच्या मध्यावरून गेली पाहिजे. अर्थात जुन्या गाडीचा पत्रा दोन-तीनदा डेंटिंगवाल्याच्या हातून गेलेला असतो, त्याच्या कडेवर फार विश्वास ठेवण्यात अर्थ नाही. म्हणून दुसरं मापही घ्या: चेसिसच्या (गाडीच्या लोखंडी सांगाड्याच्या) खालच्या बाजूपासून हौसिंगच्या (मागची दोन चाकं जोडणाऱ्या आडव्या लोखंडी नळीच्या) वरच्या बाजूपर्यंत, दोन्हीकडे एकाच जागी. चेसिसचं माप डाव्या-उजव्याला सारखं आणि मडगार्डचं वेगळं आलं, तर दोष पाट्यात नाही. बॉडीखालची रबरं दबली असतील किंवा पत्रा वाकलाय. डाव्या-उजव्यात 10-12 मिलिमीटरचा फरक जुन्या गाडीत मी तरी मनावर घेत नाही.

जागा कशी निवडता हेही पाहा. काळ्या मातीचं अंगण पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात भेगाळतं. डोळ्यांना सपाट वाटलं तरी नसतं. पेट्रोल पंपावरची फरशी पाणी वाहून जावं म्हणून उताराचीच करतात. त्यापेक्षा मोंढ्यातला जमिनीलगतचा वजनकाटा दुपारी मोकळा मिळाला तर उत्तम. फक्त मागची चाकं काट्यावर ठेवली तर मागच्या बाजूवर किती वजन येतंय हेही कळतं. नाहीच जमलं तर गवंड्याकडची पाण्याची नळी आणून चारही चाकांखालची पातळी बघा.

त्याआधी गाडी रिकामी करा. सीटखाली सरकी पेंडेचं पोतं, मागं पाण्याचा ड्रम, जादा जॅक, हे सगळं सवयीनं गाडीतच राहतं आणि आपण रिकामी गाडी मोजली असं समजतो. पावसाळ्यानंतर पाट्यांच्या मधे, शॅकलभोवती (पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या हलत्या कडीभोवती) आणि चेसिसखालच्या रबरी ठोकळ्यापाशी चिखल वाळून दगडासारखा बसतो. तो खरवडून काढा.

जॅकवरून उतरवून लगेच मोजणं ही वेगळी चूक. चाकं हवेत असताना कमान वाकते, शॅकल फिरतं आणि गाडी खाली आली तरी गंजलेल्या बुशांमुळं (पाट्याच्या टोकाच्या भोकातल्या नळ्यांमुळं) ते तिथंच अडकून राहतं. गाडी थोडी पुढं-मागं चालवा, मागचं बंपर तीन-चारदा दाबून सोडा. मोजताना हँडब्रेक सोडा आणि गिअर न्यूट्रल ठेवा, कारण पाटा सरळ होताना हौसिंग किंचित सरकतं आणि आवळलेलं चाक ते सरकू देत नाही. गाडी घरंगळू नये म्हणून चाकापुढं-मागं दगड ठेवा, पण बोटभर अंतर सोडून.

फरक मोठाच निघाला तरी लगेच पाटे उतरवू नका. मागची एक बाजू खाली दिसते, पण कधीकधी पुढचा पाटाच बसलेला असतो. मागच्या चाकांना आता दगड घट्ट लावा. चेसिसच्या पुढच्या आडव्या दांड्याच्या बरोबर मध्यावर जॅक लावून पुढचा भार उचला आणि मागं पुन्हा मोजा. झुकाव गेला तर दोष पुढं. गाडी जॅकवर असताना तिच्याखाली मात्र जाऊ नका. झुकाव तसाच राहिला तर मागचे पाटे एकेक करून बघा: तुटका पाटा, सगळे पाटे मधोमध बांधणारा सेंटर बोल्ट तुटून सरकलेली थप्पी, घासून अंडाकृती झालेलं बुशाचं भोक. साध्या शॉकअबसॉर्बरनं उंची धरली जात नाही, त्यामुळं तो बदलून गाडी वर येईल या आशेवर खर्च करू नका.

गॅसच्या ज्योतीवर पाटे तापवून कमान मारून घेण्याचा स्वस्त उपाय गावोगावी चालतो. त्यानं पोलादाचा टेंपर (उष्णता देऊन आणलेला चिवटपणा) जातो आणि पाटा पुन्हा बसतो, नाहीतर ऐन रस्त्यात तुटतो. फक्त बसलेल्या बाजूला एक जादा पाटा घालणंही टाळा, जोडीनंच काम करा.

नवे पाटे घातल्यावर रबरी बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळा. काहीशे किलोमीटरनंतर पाटे हौसिंगला बांधणारे यू-बोल्ट पुन्हा कसा आणि उंची परत मोजा, कारण नवी कमान थोडी बसतेच. मागच्या हौसिंगला दांडीनं जोडलेला ब्रेकचा व्हॉल्व्ह असेल तर तोही मिस्त्रीकडून नव्या उंचीप्रमाणे लावून घ्या, नाहीतर मागचे ब्रेक गरजेपेक्षा जास्त किंवा कमी लागतात. पुढचे दिवेही त्याच दिवशी लावून घ्या. मागची बाजू उचलली की उजेड खाली पडतो आणि रात्री रस्ता जवळपर्यंतच दिसतो.