महाभारतातला श्लोक ग्रंथालयात शोधताना या चुका टाळा

‘महाभारत, भीष्मपर्व, अध्याय २५.’ प्रबंधात असा संदर्भ दिला की वाचणाऱ्याने काय उघडायचे? गोरखपूरच्या गीता प्रेसच्या छापील प्रतीत भगवद्गीता भीष्मपर्वाच्या २५ ते ४२ या अध्यायांत आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सक (म्हणजे अनेक हस्तलिखिते ताडून पाठ ठरवलेल्या) आवृत्तीत २३ ते ४०. म्हणजे ‘अध्याय २५’ म्हटले की एकीकडे अर्जुनाचा विषाद उघडतो, दुसरीकडे कर्मयोग. तरी आकडा लिहायचा आणि आवृत्ती गाळायची, ही खोड जात नाही.

याहून महाग पडते ते द्रौपदीचे वाक्य. ‘मी सूताला वरणार नाही’ असे ती भर स्वयंवरात कर्णाला म्हणते, हे मालिकांमुळे सगळ्यांना पाठ. त्यावर तीस पाने लिहून होतात आणि श्लोकांक टाकायचा म्हणून शेवटच्या आठवड्यात चिकित्सक आदिपर्व उघडले जाते. श्लोक नाही! मग ‘संपादकांनी तो दडपला’ अशी तळटीप येते. दडपलेले काही नाही. पानाच्या खालच्या भागात बारीक टाइपात तो छापलेला आहे, १८२७ या आकड्यापुढे तारांकन करून. वर संहितेत, म्हणजे संपादकांनी स्वीकारलेल्या मूळ पाठात, मात्र कर्ण, शल्य वगैरेंना ते धनुष्य वाकवता आले नाही, असे जमलेले ब्राह्मण बोलतात. तीस पानांचा पायाच हलला की!

ही आवृत्ती १,२५९ हस्तलिखिते ताडून सिद्ध झाली आणि तिचे पान खालपर्यंत वाचायचे असते. संहितेखाली नागमोडी रेघ असेल तर तो पाठ संपादकांच्या मते पुरेसा निश्चित नाही. तळाशी पाठभेद आणि त्यांपुढे हस्तलिखितांची लिपीवरून ठरवलेली चिन्हे: श म्हणजे शारदा लिपी, त तेलुगू, ग ग्रंथ लिपी, म मल्याळम (छापील पानावर ही रोमन अक्षरांत असतात). वगळलेल्या ओळी तिथेच तारांकित. मोठे उतारे खंडाच्या शेवटी परिशिष्टात. गणपती लेखनिक झाल्याची कथाही परिशिष्टातच सापडेल. चिन्हांची यादी वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्या, मगच श्लोकाला हात घाला. अर्धा तास जातो. तेवढा धीर नसेल तर विषय बदललेला बरा.

श्लोक आठवतो, जागा आठवत नाही? श्लोकचरणांची सूची सहा खंडांत छापलेली आहे. त्यात प्रत्येक चरण अकारविल्हे लावला आहे. पहिला चरण सापडला नाही तर हार मानू नका, दुसरा-तिसरा पाहा. पाठभेदाने सुरुवातीचा शब्द बदललेला असतो. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ शाळेतल्या मुळाक्षरांप्रमाणे शेवटी शोधू नका. संस्कृत सूचीत क्षत्रिय ‘क’मध्ये आणि ज्ञान ‘ज’मध्ये.

हस्तलिखितापर्यंत पोहोचलात तर ‘पान १२’ लिहू नका. पत्र (पोथीचे सुटे पान) एक, बाजू दोन, आणि क्रमांक बहुधा मागच्या बाजूला; म्हणून १२अ (पुढची बाजू) किंवा १२ब (मागची).

पुष्पिकेतल्या (पोथीच्या शेवटच्या नोंदीतल्या) वर्षाला ‘शके’ आहे की ‘संवत’, हे आधी वाचा. शके १७४६ म्हणजे इसवी सन १८२४-२५. विक्रम संवत १७४६ म्हणजे १६८९-९०. फरक १३५ वर्षांचा. वर्ष शब्दांत दिले असेल, समजा ‘रस-वेद-मुनि-भू’, तर आकडे ६, ४, ७, १ असे मिळतात, पण ते उजवीकडून मांडायचे: १७४६. शिवाय ते वर्ष बहुतेकदा नक्कल पूर्ण झाल्याचे असते, ग्रंथ रचल्याचे नव्हे.

शाईचे पेन बाहेर ठेवा. बोटाला थुंकी लावून पत्र उलटणाऱ्याकडून पोथी काढून घेतली, तर ग्रंथपालांचे काही चुकत नाही.